सांता रुफिनाची नदीकडची खिडकी

मी एक जुनी खिडकी आहे, मित्रांनो, पण मला साधीसुधी समजू नका. माग्दालेना नदीकाठच्या सांता रुफिना गावात मी माणसाहून उंच आहे, आणि माझी लोखंडी जाळी पोट काढून रस्त्यावर आलेली आहे. सुताराने मला महोगनीची चौकट दिली, लोहाराने जाळीला बिजागऱ्या लावल्या. पूर आला की दाराला फळ्या ठोकायच्या आणि घरच्यांनी माझ्यातून होडीत उतरायचं, अशी तेव्हाची रीत.

मग आगबोटी आल्या. कॉफीची पोती, पियानो, पॅरिसच्या टोप्या, सगळं मी धक्क्यावर ये-जा करताना पाहिलं. लोक थांबून माझं कौतुक करत. पुढे आगबोटी बंद झाल्या, पूरही उंबऱ्याखालीच राहू लागला, आणि माझी जाळी उघडते हेच गाव विसरलं. सासऱ्यांमागे घरमालक झालेल्या अन्सेल्मोने तर मुलगी नेरेइदा पंधराची होताच जाळीवर हिरव्या रंगाचे जाड थर चढवले. तिचं लग्न झालं की मला काढून तो आधीच आणून ठेवलेली अ‍ॅल्युमिनियमची सरकती खिडकी बसवणार होता. मला फार वाईट वाटलं.

नेमकं लग्नाच्या सकाळी पाणी दाराशी आलं. दाराला फळ्या ठोकल्या. नवरा मुलगा विल्फ्रिदो होडी घेऊन माझ्याखाली आला. टेकाडावरच्या चर्चची घंटा वाजू लागली.

"जाळी उचकटून खिडकीतून जाऊ दे पोरीला," एउफ्रोसिना मावशी म्हणाली.

"मुळीच नाही!" अन्सेल्मो ओरडला. "खिडकीतून पळून जाणाऱ्या पोरी जातात. माझं नाक कापायचंय का? लग्न पुढे ढकला."

"बाबा, पाद्री आज गेले की थेट दोन महिन्यांनी येणार!" नेरेइदा रडकुंडीला आली.

मावशीने ऐकलंच नाही. ती बायकांना घेऊन माझी जाळी ओढू लागली. मी तसूभरही हलले नाही. शेवटी अन्सेल्मोला राहवेना.

"अगं, नुसतं ओढून काय होतंय! आधी खालची खीळ वर करा, मग डावा कोपरा बाहेर ढकला!"

सगळ्या बायका जाळी सोडून त्याच्याकडे वळल्या.

"तरीच!" मावशी म्हणाली. "त्या रात्री या घराच्या दाराला कुलूप, किल्ली आमच्या आईच्या उशाखाली, आणि माझी बहीण तुझ्याबरोबर पसार! इतकी वर्षं विचार करतेय, गेली कुठून?"

नेरेइदाची आई हसून हसून खालीच बसली. "खीळ मी वर केली होती. हा खाली उभा राहून नुसता थरथरत होता!"

अन्सेल्मोचे कान लाल झाले. मग त्यानेच खीळ वर केली. रंगाचे पोपडे पाण्यात पडले आणि मी कुरकुरत उघडले. लेकीला त्याने स्वतः उचलून होडीत दिलं. होड्याहोड्यांतून ढोल वाजू लागले. इतका आनंद मला कित्येक वर्षांत झाला नव्हता.

अ‍ॅल्युमिनियमची खिडकी परत गेली. मित्रांनो, जुन्या खिडकीला काढण्याआधी ती उघडते का ते तरी बघा, आणि बिजागऱ्यांना थोडं तेल घाला. आमच्याकडे हे काम अन्सेल्मो करतो. नेरेइदाची तान्ही लेक माझ्या कट्ट्यावर पडून हातपाय हलवत असते, आणि तेल घालता घालता तो तिला दटावतो, "तू मात्र दारातूनच जायचं हं!"