माझ्या पोटातली कोथिंबीर

मला जुनी म्हणा मित्रांनो, चालेल. पण फाटकी म्हणाल तर याद राखा! मी दुसरीच्या मराठीचं पुस्तक. व्याकरणात पुस्तक म्हणजे 'ते' असतं. असू दे. इतकी लेकरं हाताखालून काढलेली मी, स्वतःला बाईमाणूसच समजते.

छापखान्यातून निघाले तेव्हा मी कोरीकरकरीत होते. शाईचा वास असा, की लेकरू नाक खुपसल्याशिवाय राहायचं नाही. गठ्ठ्यात बांधून मला नागपूरला आणलं आणि नंदनवनातल्या एका शाळेच्या कपाटात मी उतरले. ज्याचं पुस्तक हरवलं किंवा भिजलं, त्याच्या हाती मला द्यायचं, असा तिथला रिवाज. दरवर्षी नवा हात. कुणी मला डोक्यावर धरून उन्हातून पळालं, कुणी माझ्यावर डबा ठेवून जेवलं. बळीराम नावाच्या एका दिवट्यानं तर माझी बॅट केली. दसऱ्याला मात्र हळदकुंकू माझ्याच कपाळी! शहाण्यासुरत्या माणसांनी निवडून घातलेले शब्द माझ्या पोटात, मग मान ताठ का नसावी?

यंदा मी दामिनीकडे आले. पोरगी चुणचुणीत, तोंडाला कुलूप नाही. पण एका धड्यावर घोडं अडलं. त्या धड्यात हिरव्यागार जुडीचं चित्र आहे आणि खाली माझी सुबक वाक्यं आहेत: 'आईने कोथिंबीर निवडली. कोथिंबीर धुतली. मग वड्या केल्या.'

दामिनीनं बोट ठेवून खणखणीत वाचलं, "आईने सांबार निवडला. सांबार धुतला. मग वड्या केल्या."

माया मॅडम लग्न होऊन साताऱ्याकडून नागपुरात आलेल्या, शाळेत अजून नव्या. त्या म्हणाल्या, "अगं, सांबार कधी धुतात का? नीट वाच."

दामिनीनं पुन्हा तेच वाचलं. दुसऱ्या दिवशीही तेच. मॅडमना वाटलं, ही अक्षरं बघतच नाही, चित्र बघून ठोकून देते. त्यांनी ठरवलं की सोमवारपासून वाचनाच्या तासाला दामिनीनं पहिलीच्या वर्गात बसायचं.

त्याच वर्गात तिचा धाकटा भाऊ. दामिनी घरी गेली ती मुसमुसतच. "म्या आता शाळेत जानारच नाई," म्हणाली आणि मला दप्तरातून काढून कोनाड्यात उलटं ठेवलं. भिंतीकडे तोंड करून पडले मी. असा अपमान बॅट होतानाही झाला नव्हता.

सोमवारी तिची आजी, कांताबाई, नातीचा हात धरून आणि मला काखेत मारून वर्गाच्या दारात उभी राहिली.

"काहून वं मॅडम, माह्या नातीले पहिलीत बसवून राहिल्या म्हने?"

"आजी, तिला अक्षर लागत नाही अजून."

"मंग हे पुस्तक तपासा ना! उठसूट लेकरूच काहून तपासता?"

वर्गात सतरंजीवर एक पाहुणे बसले होते. प्रेमानंद सर त्यांचं नाव. पुस्तकाची भाषा लहान मुलांना झेपते की नाही, हे ते शाळोशाळी पाहत हिंडतात. ते हसले. "आजी, मी त्याच्याचसाठी आलो. आणा थे पुस्तक इकडे."

मला तपासणार! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण काखेतल्याला कोण विचारतं?

दामिनीनं डोळे पुसले आणि वाचलं. तेच, सांबार निवडला.

सरांनी शब्दावर बोट ठेवलं. "इथं त 'निवडली' लिहिलं हाय. तू 'निवडला' काहून म्हनली?"

"सर, सांबार निवडली कोन म्हन्ते? सांबार निवडलाच म्हन्तेत."

"बरं, अन् हा अलीकडचा शब्द?"

"कोथिंबीर," दामिनी एका दमात म्हणाली.

माया मॅडमच्या हातातला खडू तसाच राहिला.

"येते त तुले वाचता! मंग सांबार काहून म्हनलं?"

"चित्रात सांबार हाय, सर. छापनाऱ्याच्यानं चुकलं असन. म्या दुरुस्त करून वाचलं."

माझी चूक! वीतभर पोरीनं काढली!

सरांनी वर्गाला विचारलं, "कोथिंबीर म्हंजे काय, कोन सांगते?" हे वाक्य रोज घोकणारी सगळी लेकरं एकमेकांकडे बघू लागली. शेवटी धम्मानंदानं हात वर केला. "आईची मैत्रीन असन. पन मंग तिले धुतली काहून?"

मॅडमना हसू आवरेना. "अगंबाई! म्हणजे तुम्ही कोथिंबिरीला सांबार म्हणता? मला सांबार म्हटलं की इडलीच दिसते."

"इडली खा ना वं बाई," कांताबाई म्हणाली, "पन माही पोरगी कुठं बसन थे आधी सांगा."

"इथंच, आजी. पहिल्या रांगेत."

माझी कोथिंबीर काही खोटी नाही, मित्रांनो. साताऱ्याच्या लेकराला तीच कळते. ती माझ्या पोटातून काढू नका, असंच सरही म्हणाले. फक्त लेकराचा घरचा शब्द आधी ऐकून घ्या आणि मग माझा शिकवा, म्हणाले. मला पटलं. दोन शब्द आले म्हणून कुणाचं पोट फुटत नाही.

कांताबाई गेल्यावर दामिनीनं माझं पुढचं पान उलटलं आणि लगेच हात वर केला. "मॅडम, इथंबी चुकलं हाय. जामाले पेरू लिवलं."

मॅडम खुर्ची सोडून तिच्याजवळ सतरंजीवर बसल्या. "जाम म्हणतात होय पेरूला? दाखव, अजून काय काय चुकलंय माझं."

मला कव्हर घाला, पाण्यापासून जपा, हे तुम्हाला सगळेच सांगतील. मी एवढंच सांगते, की माझ्यातला शब्द अडला तर मला कोनाड्यात उलटं टाकू नका. भांडा माझ्याशी, विचारा. आणि मोठ्यांनो, लेकराला चूक म्हणण्याआधी त्याच्या घरी त्या वस्तूला काय म्हणतात, ते त्यालाच विचारा. माझं पान फाटलं तर खळ लावून चिकटवता येतं. शाळेत यायचं नाही म्हणून रुसलेलं लेकरू खळीनं चिकटत नाही.