देणगीदार क्रमांक सतरा

तुम्ही आत्ता जिथे बसला आहात तिथेच बसा. फक्त समोर एक शिवणकामाचं दुकान आहे असं धरून चाला. दोन मशिनं, कपाटात कापडाचे ताके, आणि भिंतीवर खडूने लिहिलेली गिऱ्हाइकांची मापं. कोपऱ्यातल्या स्टुलावर दहा वर्षांची एक मुलगी डब्यातली बटणं रंगांप्रमाणे वेगळी करते आहे. रोज करते, म्हणून तिचं नावच बटण पडलं. दुकान तिच्या आत्याचं. दिसलं सगळं? मग पुढे जाऊ.

त्या वर्षी नगरपालिकेची निवडणूक होती आणि आत्या उभी राहिली होती. कारण होतं शाळेकडे जाणारा फुटपाथ. एका ठेकेदाराने तो बांधला आणि सहा महिन्यांत त्याच्या फरश्या सुट्या दातांसारख्या हलायला लागल्या. बटण तिथेच धडपडली आणि तिच्या हनुवटीला चार टाके पडले. आत्याने ते टाके जवळून पाहिले. "डॉक्टरपेक्षा मी बरी शिवते," ती म्हणाली. बटण हसली, पण आत्या हसली नाही. दुसऱ्याच दिवशी तिने उमेदवारीचा अर्ज भरला.

निवडणूक म्हटली की पत्रकं आली, फलक आले, आणि त्यांना पैसे लागतात. ते लोकांनी द्यायचे. पण कसे द्यायचे, याचे नियम आहेत. आत्याने ते बटणला मशीनवर बसल्या बसल्या समजावून दिले. हातातला सदरा उलटा करून ती म्हणाली, "हे बघ, वरून सगळे सदरे छानच दिसतात. शिंपी कसा आहे ते आतली शिवण सांगते. उमेदवाराला पैसे कोणी दिले, ती त्याची आतली शिवण. ती लोकांना दाखवायची, लपवायची नाही."

"म्हणजे काय करायचं?"

"प्रत्येक देणगीदाराचं नाव, पत्ता, रक्कम लिहायची. एका माणसाकडून पाच हजारांच्या वर घ्यायचे नाहीत, म्हणजे कुणी एकटा उमेदवाराला खिशात घालू शकत नाही. मग ती यादी नगरपालिकेच्या भिंतीवर तीन दिवस लागते. ज्याला बघायची त्याने बघावी. आणि बटण, एकही रकाना रिकामा सोडायचा नाही. रिकाम्या रकान्यात मागाहून कुणीही काहीही भरतं."

बटणला हे इतकं आवडलं की तिने बटणांचा एक डबा रिकामा केला, झाकणाला भोक पाडलं आणि शाळेत नेला. फुटपाथवरून रोज मुलंच चालत होती, तेव्हा मुलांनीही द्यायला काय हरकत? प्रत्येकाने एकेक नाणं टाकलं. बटणने रेघा मारलेल्या वहीत सगळं लिहिलं. पहिलं नाव स्वतःचं.

सतराव्या नंबरला अडचण आली. बुकबाइंडरचा धाकटा मुलगा नाणं मुठीत धरून उभा होता.

"हे माझं नाही. गोटीरावचं आहे."

"गोटीराव तुझा बोका ना रे?"

"हो. त्याने कोचाखालून काढलं, पंजाने. मग ते त्याचंच!"

बटणने बराच विचार केला. नियम म्हणत होता, ज्याचे पैसे त्याचं नाव. तिने लिहिलं: गोटीराव. पत्त्याच्या रकान्यात लिहिलं: बुकबाइंडिंगचं दुकान, वरचा माळा. रक्कम: एक.

एकूण चाळीस नावं झाली. आत्याने बटणला जवळ घेतलं, म्हणाली, "माझी हिशेबनीस ती!" आणि यादी उतरवून घ्यायला वही दोन दिवस ठेवून घेतली.

त्याच आठवड्यात ठेकेदार दुकानात आला, हातात भली मोठी पिशवी घेऊन. आत्या म्हणाली, "कोट शिवायचाय त्यांना." बटणने नंतर सहज भिंतीकडे पाहिलं. ठेकेदाराची मापं तिथे नव्हती. विसरली असेल आत्या, असं तिला वाटलं.

मग एका दुपारी बुकबाइंडरचा मुलगा धापा टाकत स्टुलापाशी आला.

"बटणताई, गोटीराव श्रीमंत झाला! बाबांनी भिंतीवर वाचलं. त्याने पाच हजार दिले!"

बटणने वही उचलली आणि दोघं पळतच नगरपालिकेत गेली. भिंतीवर काचेच्या आत यादी होती. सतरा नंबरला गोटीराव, वरचा माळा, पाच हजार. सोळा नंबरला बटणच्या बाकावरची मैत्रीण, पाच हजार. पहिल्या नंबरला स्वतः बटण, पाच हजार. चाळीस नावं, तिच्याच वहीतल्या क्रमाने, आणि प्रत्येकापुढे तोच आकडा. वयाचा रकाना यादीत नव्हता. ही सगळी मुलं आहेत, हे वाचणाऱ्याला कळणार कसं?

ठेकेदाराचं नाव कुठेच नव्हतं.

"बोक्याकडे एवढे पैसे कुठून आले गं?" धाकट्याने विचारलं. तो खरंच आनंदात होता. बटणला पिशवी आठवली, आणि न लिहिलेली मापं.

दुकानात आत्या काज करत होती. बटण दारातच उभी राहिली.

"आत्या, कोट झाला?"

"कोणाचा?"

"ठेकेदारांचा."

आत्याची सुई थांबली. मग ती म्हणाली, "भिंत बघून आलीस वाटतं."

"त्यात गोटीराव आहे."

"कोण गोटीराव?"

"बोका आहे तो, आत्या! तू वाचलंसुद्धा नाहीस!"

हे ती ओरडून म्हणाली. वही लिहिताना तिने तीन वेळा खोडरबर वापरला होता. आत्याला त्यातली फक्त नावं हवी होती.

"इकडे ये, बस." आत्याचा आवाज मऊ होता, नेहमीसारखाच, आणि बटणला तेच सहन होईना. "अगं, समोरच्याची पत्रकं चार रंगांत येतात. माझ्याकडे काय आहे? तुमची चाळीस नाणी? एकदा निवडून येऊ दे, पहिलं काम फुटपाथचं करते."

"कोण बांधणार तो?"

आत्याने मशीनवर पाय ठेवला. सुईखाली कापड नव्हतं, तरी मशीन खडखडत राहिलं. मग तिने हात पुढे केला.

"वही दे, बटण. लहान आहेस अजून, तुला कळायचं नाही. हरकत घ्यायला आज पाचपर्यंतच मुदत आहे, मग यादी उतरवतील आणि विषय संपेल."

बटणने वही पोटाशी धरली. या बाईने तिला सुईत दोरा ओवायला शिकवलं होतं. टाके पडले त्या दिवशी हिनेच तिला उचलून दवाखान्यात नेलं होतं. आणि आता हिने तिचं नाव ठेकेदाराच्या पैशांवर अस्तरासारखं शिवलं होतं, तिला न विचारता. वही दिली नाही, तर आत्या तिच्यामुळे हरणार होती. वही दिली, तर चाळीसही जण खोटे ठरणार होते, आणि त्यांना ते कळणारसुद्धा नव्हतं.

"त्यात माझं नाव आहे," ती एवढंच म्हणाली आणि बाहेर पडली. मागून आत्याची हाक आली, एकदाच.

नगरपालिकेच्या खिडकीशी बसलेल्या कारकूनबाईंनी चष्म्यावरून खाली पाहिलं.

"काय हवंय बाळ?"

"यादी चुकलीय. तक्रार करायचीय."

"तक्रार मोठ्या माणसांनी करायची असते. घरून कुणाला तरी घेऊन ये."

"घरचेच आहेत त्यात," बटण म्हणाली.

बाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. मग ड्रॉवरमधून एक कागद काढला. "यादीत तुझं नाव आहे?"

"पहिलंच."

"मग हा दुरुस्तीचा अर्ज. ज्याचं नाव यादीत, त्याला स्वतःपुरता भरता येतो, वयाची अट नाही. रक्कम चुकली असेल तर खरी लिही."

भिंतीवरच्या घड्याळात पाचला बारा मिनिटं होती. बटणने वही उघडून शेजारी ठेवली आणि लिहायला सुरुवात केली. नाव. पत्ता. यादीतली रक्कम: पाच हजार. खरी रक्कम: एक. पुढचा रकाना होता, उमेदवाराशी नातं, असल्यास. तिथे तिचं पेन थांबलं.

"तो नाही भरला तरी चालतो हं," बाई हळूच म्हणाल्या.

बटणने नाक पुसलं. मग तिने त्या रकान्यात, वहीत लिहायची तसं सुवाच्य अक्षरात, लिहिलं: भाची. अर्ज आत सरकवला आणि विचारलं, "अजून एक कागद मिळेल का? बाहेर बुकबाइंडरचा धाकटा उभा आहे. त्याचा बोकाही यादीत आहे."