उजेडाला भिणारा रंग

सहदेवचा आयुष्यभराचा एकच हट्ट होता: रंग उन्हात टिकला पाहिजे. आंबिवलीकडच्या एका कापड गिरणीच्या रंगखात्यात त्याने सव्वीस वर्षं काढली. तिथे रंगवलेल्या कापडाची पट्टी अर्धी पुठ्ठ्याखाली झाकून गच्चीवर उन्हात ठेवायची पद्धत होती. आठवड्याने पुठ्ठा उचलायचा, आणि दोन्ही अर्ध्यांत जरा जरी फरक दिसला की सहदेव नाक मुरडून म्हणायचा, "कच्चा." भल्याभल्या साहेबांचं त्या एका शब्दापुढे काही चालायचं नाही. गिरणी बंद पडली तरी शब्द सुटला नाही. शेजारणीच्या नव्या साडीलाही तो कच्चा म्हणून मोकळा झाला होता, आणि मग त्या बाईची समजूत काढता काढता त्याच्या बायकोच्या, रंगूबाईच्या, नाकी नऊ आले होते.

गिरणीनंतर तो डोंबिवलीच्या एमआयडीसीत एका छोट्या प्रयोगशाळेत काचसामान धुवायला लागला. प्रयोगशाळा नीरजाताईंची. त्या नौपाड्यात राहायच्या, कामापुरतं बोलायच्या, आणि सहदेवला न चुकता 'काका' म्हणायच्या. पुढे त्याचा मुलगा विनीत एम.एस्सी. होऊन तिथेच केमिस्ट म्हणून आला. बाप बाटल्या धुवायचा, मुलगा त्यांत रंग बनवायचा. चारचौघांत सहदेव त्याला मुद्दाम "सर" म्हणायचा आणि पोरगा कानापर्यंत लाल व्हायचा.

विनीतचा रंग मात्र बापाच्या पचनी पडत नव्हता. कुपीत तो हिरवट निळा दिसायचा, पण त्याची खरी चमक म्हणे डोळ्यांना दिसतच नाही.

"लाल रंगाच्या पलीकडचा उजेड असतो तो, बाबा. खास कॅमेऱ्यालाच दिसतो."

"दिसत नाय तर उपयोग काय त्याचा?"

"साधा उजेड मांसात अडकतो, हा बाहेर येतो. ऑपरेशन करताना कॅन्सरची गाठ कुठे संपते ते डॉक्टरला कळेल."

"आणि हा रंग बरोब्बर गाठीलाच कसा चिकटेल?"

विनीतने बापाच्या सदऱ्याचं टिचबटण उघडलं आणि परत लावलं. "बटणाचा एक अर्धा रंगाला लावायचा, दुसरा गाठ शोधणाऱ्या प्रथिनाला. दोघं भेटले की टिच. मधे कुणी आलं तरी दुसऱ्या कशाला लागायचं नाही. क्लिक केमिस्ट्री म्हणतात याला."

टिचबटण सहदेवला लगेच पटलं. पटली नाही ती कुपीभोवतीची अॅल्युमिनियमची फॉइल. "याला उजेड दाखवायचा नाही हां बाबा, उजेड लागला की हा संपला," असं विनीत म्हणाला, तेव्हा सहदेव फिसकन हसला. "उजेडाला भिणारा रंग कसला रे? कच्चा." विनीतही हसला होता. तो जून होता. जुलैत त्याला ताप आला, कावीळ निघाली, आणि अकराव्या दिवशी तो गेला. अठ्ठावीस वर्षांचा होता.

माणूस जातो, आणि आपण त्याला शेवटी काय बोललो ते घशात अडकून राहतं. सहदेवच्या घशात 'कच्चा' अडकला होता. रंगूबाईलाही त्याने हे कधी सांगितलं नाही.

विनीतची ती कुपी प्रयोगशाळेच्या फ्रिजमध्ये फॉइलमध्ये गुंडाळलेली होती. दोन वेळा रंग बिघडल्यावर तिसऱ्यांदा तो जमला होता, आणि शेवटची शुद्धीकरणाची कृती वहीत उतरवण्याआधीच विनीत आजारी पडला. म्हणजे जगात तेवढाच रंग होता. "दसरा झाला की ठाण्याच्या लॅबमध्ये कॅमेऱ्याखाली तपासू," नीरजाताई म्हणाल्या होत्या. "चमकला, तर जो शोधनिबंध छापून येईल त्यावर पहिलं नाव विनीतचं."

खंडेनवमीला प्रयोगशाळेत यंत्रांची पूजा व्हायची. पूजा सहदेवच मांडायचा. वजनकाट्याला झेंडूची माळ, पंपाला हळदकुंकू, खिडकीजवळच्या टेबलावर पांढरं फडकं अंथरून त्यावर चंबू आणि पिपेटी. ताई नमस्कार करून लवकर घरी गेल्या. सहदेव एकटाच राहिला आणि त्याला वाटलं, सगळ्यांना पूजा मिळाली, माझ्या पोराच्या हातचं तेवढं फ्रिजमध्ये अंधारात पडलंय.

त्याने कुपी काढली. फॉइल हळूच सोडवली, चार घड्या करून सदऱ्याच्या खिशात ठेवली. कागदाचा कपटाही फेकायची त्याला सवय नव्हती. कुपीला कुंकवाचं बोट लावलं आणि ती टेबलाच्या मधोमध, उन्हात ठेवली. विनीतने बजावलेलं त्याला आठवत नव्हतं असं नाही. चांगलं आठवत होतं. पण सव्वीस वर्षं ज्या उन्हाने रंगांचा निवाडा केला, त्याच उन्हाने आपल्या पोराच्या रंगाला पक्का म्हणावं, म्हणजे आपला शब्द मागे घेता येईल, असं त्या वेड्या जिवाला वाटलं. मांडलेली पूजा दसरा होईपर्यंत हलवत नाहीत. कुलूप लावून तो घरी गेला.

दसऱ्यानंतर त्याने दार उघडलं, तेव्हा कुपीत पाणी होतं. म्हणजे पाण्यासारखंच काहीतरी, जरासं पिवळट.

नीरजाताई आल्या, तशी त्याने ती कुपी त्यांच्यासमोर ठेवली. "मी ठेवलेली उन्हात."

ताईंनी कुपी उचलून उजेडासमोर धरली. "काका, तुम्हाला माहीत नव्हतं..."

"माहीत होतं. त्याने सांगितलेलं मला."

ताईंनी कुपी पर्समध्ये ठेवली. ठाण्याची वेळ ठरलेली होती, म्हणून दोघं गेले. तिथल्या अंधाऱ्या खोलीत केदार नावाच्या मुलाने कुपी कॅमेऱ्याखाली ठेवली. पडदा काळाच राहिला. त्याने दोनदा काहीतरी फिरवून बघितलं, मग मान हलवली. सहदेवला रडू आलं नाही. काहीतरी करायला हवं म्हणून त्याने खिशातून फॉइल काढली. "कुपीला हीच होती. परत गुंडाळून ठेवू?"

नीरजाताईंनी त्याचा हात धरला. "थांबा. केदार, ही उलगडून आतली बाजू वर करून ठेव."

पडद्यावर एक अंगठा उमटला. पांढरा, लखलखीत, रेष न् रेष मोजता येईल असा. आणि त्या रेषांवरून आडवा गेलेला एक व्रण. पाचवीत असताना विनीतचा अंगठा विळीवर कापला होता. टाके घालताना सहदेवनेच त्याचा हात घट्ट धरून ठेवला होता.

"हातमोजे घाल म्हणून मी रोज ओरडायचे त्याच्यावर," नीरजाताई म्हणाल्या. "रंगाच्या बोटांनीच फॉइल गुंडाळायचा."

सहदेव पडद्याला नाक लागेल इतका पुढे झाला. पोराचा रंग चमकत होता. मग त्याच्या नजरेने, जी फक्त उडणारा रंग ओळखायला शिकली होती, सगळ्यांच्या आधी ते पकडलं.

"फिका पडतोय का हा?"

"पडणारच, काका," केदार हळूच म्हणाला. "दिसायला त्याच्यावर उजेड टाकावा लागतो, आणि उजेडाने तो जातो. जितका बघू तितका कमी होणार. फोटो निघालाय एक. अजून चांगला काढतो, थांबा..."

"नको. बंद करा."

"काका, एकच."

"बंद करा, बाळा."

तो फोटो नीरजाताईंनी छापून दिला आणि फॉइल घडी करून सहदेवच्या हातात ठेवली. रंगूबाईने घरी आल्यावर त्यातल्या अंगठ्यावर आपला अंगठा ठेवला आणि किती तरी वेळ उचलला नाही. मग विचारलं, "आणि तो खरा?"

सहदेवने लोखंडी कपाटातला स्टीलचा डबा दाखवला. "यात हाय. उघडायचा नाय. बघितला की जातो."

विनीतचा फोटो त्या कपाटासमोरच्या भिंतीवर आहे. रोज संध्याकाळी त्याच्यापुढे दिवा लावायच्या आधी रंगूबाई कपाटाचं दार नीट लागलंय ना, ते बघते.