जुन्या गावातलं जातं

जिंतूर रस्त्यावरचं ‘जुनं गाव’ बघायला जाण्यात सरजाबाईंचा दुहेरी फायदा होता. घरचं जातं परत मिळणार होतं आणि विहीणबाईंचं तोंड बंद होणार होतं. त्यातल्या त्यात दुसऱ्या फायद्यावर त्यांचा जास्त जीव होता.

धाकट्या लेकीचं लग्न आठ दिवसांवर आलं होतं. विहीण नर्मदाबाईंनी निरोप धाडला होता, “सुनंला गिरणीची हळद लावायची न्हाई. घरच्या जात्यावरचीच पाहिजे.” आणि त्यांच्या बोरी गावात गिरणी आल्यापासून अडगळ झालेलं ते जातं थोरल्या दत्तरावानं आईला न विचारता व्यंकटरावांना देऊन टाकलेलं! हे व्यंकटराव निवृत्त तलाठी. त्यांनी आपल्या शेतात मातीची घरं उभारून मोट, भाता, जातं मांडलं होतं, आणि ती कामं करून दाखवायला माणसं नेमली होती. बघायला माणशी रुपया.

सरजाबाईंनी रुपया मोजला. मोटेपुढं शहरातली माणसं तोंड वासून उभी होती. ज्या मोटेमागं आपल्या नवऱ्याचा जन्म गेला ती आपण इतकी वर्षं लोकांना फुकट दाखवली, याची त्यांना हळहळ वाटली. पुढच्या ओसरीत मात्र त्यांचा पाय थबकला. भागम्मा नावाची बाई त्यांचंच जातं गरागरा फिरवत होती, आणि वरच्या पाळूखाली एक दाणा नव्हता.

“अगं बाई, रिकामं जातं फिरवायलीस? दगडाला दगड खातोय की!”

“मालक म्हनले, आवाज आला म्हंजे झालं. दाणे चिमण्या खात्यात.”

आरडाओरडा ऐकून व्यंकटराव आले. सरजाबाईंनी जातं मागितलं.

“वहिनी, नोंदवहीत चढलेली वस्तू बाहेर जात नाही,” ते म्हणाले. तलाठ्याची सवय, सातबारा गेला तरी वही सुटली नव्हती.

“लगीन हाय लेकीचं!”

“असेल. पण नियम आहे.”

सरजाबाईंनी जात्याकडं पाहिलं, मोटेपुढच्या गर्दीकडं पाहिलं.

“बरं. वस्तू बाहेर येत न्हाई, तर लगीन आत येईल. पाच सवाष्णी घेऊन येते. खुंट्याला हळकुंड-सुपारी बांधू, ओव्या म्हणू, खरीखुरी हळद दळू. तुमची भागम्मा घरघर करून दाखवती, त्याच्यापेक्षा बरं न्हाई का?”

व्यंकटरावांना ‘खरीखुरी’ हा शब्द लय आवडला. दुसऱ्याच दिवशी त्यांनी फाट्यावर ‘लग्नाची खरीखुरी हळद’ असा फळा लावला.

ठरल्या दिवशी जात्यानं वर्षानं पहिल्यांदा काहीतरी खाल्लं. ओवीवर ओवी चढत गेली, भागम्माही मधे बसून दळू लागली, ओसरी पिवळी झाली. एवढ्यात फाटकावर कालवा उठला. हळद खरंच घरच्या जात्यावर दळायलेत का, हे तपासायला नर्मदाबाई अकरा जणींना घेऊन जीपनं आल्या होत्या.

“आमी वराकडच्या! आमाला कसलं तिकीट?”

“बघणाऱ्याला तिकीट हाय, दळणाऱ्याला न्हाई,” फाटकावरचा मुंजाजी म्हणाला. “दळता का?”

“वरमाय काय सुनंची हळद दळत बसती?”

सरजाबाईंनी आतून अगदी गोड आवाज दिला, “या की विहीणबाई! घरचंच हाय समदं.”

हळकुंडं सरजाबाईंची, चहा व्यंकटरावांचा, गळा सवाष्णींचा. आणि रोख बारा रुपये नर्मदाबाईंचे.