डिश नंबर चार

आमच्या लॅबमध्ये मी गर्भाशयाच्या अस्तराचे गोळे वाढवते. असतील खसखशीएवढे. सहा बायकांनी ऑपरेशनच्या वेळी दिलेल्या इवल्याशा तुकड्यांपासून केलेले, म्हणून डिश सहा. डिशवर नाव नाही, फक्त नंबर. त्या सहांत माझी ताईसुद्धा आहे, पण तिची डिश कुठली ते मी विचारायचं नाही, असा नियम.

ताईची पाळी म्हणजे दर महिन्याला दोन दिवस अंथरूण. घरात सगळ्यांनी तिला नाटकी ठरवून टाकलं होतं. खरं सांगायचं तर मीसुद्धा.

गोळ्यांना महिन्याचं वेळापत्रक असतं. चौदा दिवस एक हॉर्मोन, पंधराव्या दिवसापासून जोडीला दुसरं. दुसरं मिळालं की ते शहाण्यासारखं वाढणं आवरतं घेतात आणि रूप बदलतात. पाच डिशनी बदललं. चार नंबर ढिम्म.

आमच्या बॉसबाईंनी एकदाच डोकावून निकाल दिला, की मी दुसरं हॉर्मोन घालायला विसरले. झाकणावरच्या माझ्या रोजच्या खुणा दाखवल्या, तर म्हणाल्या, खुणा करायला काय लागतं. पुन्हा असं झालं तर काम दुसरीकडे देईन. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. नऊ वर्षांत मी एक थेंब चुकवलेला नाही.

मग नव्याने गोळे लावले आणि पंधराव्या दिवसापासून रोज बाईंना शेजारी उभं केलं. बघा, घातलं. करा सही. त्या वैतागल्या, पण सह्या केल्या. महिना भरला तरी चार नंबर ढिम्मच.

"हे गोळे दुसऱ्या हॉर्मोनला दादच देत नाहीत," बाई म्हणाल्या. "ज्या बाईचे आहेत, तिचे पाळीत खरोखरच हाल होत असणार. तू घातलं होतंस." माफी मागितली, तीही खुर्चीकडे बघत.

त्याच संध्याकाळी ताईकडे जाऊन मी सगळी मळमळ ओकली. माझ्या तोंडाला आवर कुठला, नंबरही बोलून गेले. ताई उठली, कपाटातून ऑपरेशनच्या वेळचा संमतीचा कागद काढून माझ्यापुढे ठेवला. कोपऱ्यात चारचा आकडा होता.

"महिनाभर तुझ्यावर कुणी विश्वास ठेवला नाही, तर एवढी तडफडलीस," ती म्हणाली. "माझी तेवीस वर्षं झाली."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी माफी मागितली, तिच्याकडे बघून.