तीन मिनिटांचं अंतर

त्या ऑक्टोबरात आमच्या विमानतळाचं रडार बंद पडून पाच महिने झाले होते. घड्याळ, आपले डोळे आणि पायलटचा शब्द एवढ्यावर आम्ही विमानं उतरवत होतो. टॉवरमध्ये मुख्य खुर्चीवर सिताली लुबिंदा बसायचे. पंचवीस वर्षं त्यांनी हेच काम केलं होतं. मी, नामुकोलो, त्यांची मदतनीस. कागदी पट्ट्यांवर प्रत्येक विमानाची वेळ लिहायची आणि काही चुकत असेल तर सांगायचं, हे माझं काम. वडीलधाऱ्या पुरुषाला आमच्याकडे न्दाते म्हणतात, तशी मी त्यांना हाक मारायचे.

न्दातेंना मध्ये बोललेलं खपत नसे. पहिल्याच आठवड्यात मी त्यांना एका विमानाच्या उंचीवरून टोकलं होतं. तेव्हा ते सगळ्यांसमोर म्हणाले, "वा! आता ही पोर मला शिकवणार. उद्या माझ्या आईला मक्याच्या पिठाची न्शिमा घोटायला शिकवेल." सगळे हसले. मीही हसले. नंतर कधी टोकलं नाही.

त्या दिवशी दुपारी चारनंतर दक्षिणेकडून मोठं प्रवासी विमान उतरत होतं. त्याच्या मागोमाग मिशनच्या दवाखान्याचं लहानसं विमान होतं. चालवत होते कॅप्टन मालांबो. आत एक बाळंतीण आणि इनोंगे नावाची नर्स. बाळ गावीच मावशीपाशी ठेवलं होतं.

"न्दाते, बाईचं रक्त थांबत नाहीये हो," रेडिओवर मालांबोंचा आवाज आला. "इनोंगे म्हणते, फार वेळ नाही टिकायची. सरळ आत घेता का?"

मोठं विमान उतरताना मागे हवेत भोवरे सोडून जातं. वारा असला तर ते वाहून जातात. त्या दिवशी पानही हलत नव्हतं. नियम साधा आहे, मोठ्यामागून लहान विमान तीन मिनिटांनी उतरवायचं. म्हणजे मालांबोंना बाहेरच एक फेरी मारायला सांगायला हवं होतं.

"ये बाबा, सरळ ये," न्दाते म्हणाले. "अँब्युलन्स उभीच आहे."

भोवऱ्यांबद्दल सावध करायचं एक ठरलेलं वाक्य असतं. ते राहून गेलं.

चार वाजून चौदा मिनिटांनी मोठ्या विमानाची चाकं टेकली. मी वेळ लिहिली, पुढच्या पट्ट्या लावल्या आणि मान वर केली, तर मालांबोंचं विमान पलीकडच्या नांगरलेल्या शेतांवर येऊन ठेपलेलं. घड्याळात जेमतेम सव्वा मिनिट झालं होतं. माझं तोंड उघडलं होतं, हे मला पक्कं आठवतं. मग वाटलं, न्दातेंना दिसत असेलच की. वाटलं, तिथे बाई मरतेय आणि मी मिनिटं कसली मोजतेय. आणि तो जुना हशाही कानात होताच, खोटं कशाला बोलू.

विमानाचा डावा पंख खाली गेला. कोणीतरी हाताने दाबावा तसा. मग ते उलटं झालं. रेडिओवर मालांबो फक्त "अरे" म्हणाले.

मालांबो आणि ती बाळंतीण जागीच गेली. इनोंगे वाचली, पण तिचे दोन्ही पाय गेले.

न्दाते खुर्चीतून उठले नाहीत. मागून येणारी दोन विमानं त्यांनी शांत आवाजात दुसरीकडे वळवली, मग हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून बसले.

चौकशीत रेडिओची टेप वाजवली. टॉवरच्या खोलीतलं बोलणं त्यात येत नाही. न्दाते उभे राहिले आणि म्हणाले, "चूक माझी. या मुलीने मला सांगितलं होतं, अजून तीन मिनिटं झाली नाहीत म्हणून. मी ऐकलं नाही."

अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. "खरं आहे?"

मी म्हणाले, "हो."

न्दातेंचा परवाना गेला. मला शाबासकीचं पत्र मिळालं आणि जानेवारीत त्यांची खुर्ची.

मार्चमध्ये मी त्यांच्या गावी गेले. नदी शेतांत शिरली होती. न्दाते दारात जाळं विणत बसले होते.

"खोटं का सांगितलंत?" मी विचारलं.

"तू बोलली असतीस तर मी ऐकलं असतं, असं वाटतं तुला?"

"ठाऊक नाही."

"मला ठाऊक आहे. तुझं तोंड मीच बंद केलं होतं, पोरी. मग तुला कशाला बुडवू?"

"आणि मी जन्मभर तुमच्या खोट्यावर बसू?"

"बस ना. खुर्ची चांगली आहे," ते म्हणाले. हसायला गेले, पण जमलं नाही. जाळ्यावरचे हात थांबले. "मालांबोच्या बायकोला तोंड दाखवायला गेलो होतो. दारातून परत आलो. तुला जायचं तर जा. मला विचारू नकोस."

परतल्यावर मी चौकशी समितीला सगळं लिहून कळवलं. टोकणं माझं काम होतं, मी टोकलं नाही, न्दातेंनी मला वाचवायला खोटं सांगितलं. सहा आठवड्यांनी दोन ओळींचं उत्तर आलं. प्रकरण बंद झालं आहे, निष्कर्षात बदल होणार नाही.

त्याच पत्राची एक प्रत मी इनोंगेला पाठवली होती. तिच्याकडून काही आलं नाही. पत्र तिला पोचलं, एवढं मिशनमधून कळलं. तिने ते दोनदा वाचून घेतलं म्हणे, आणि विमानांचा आवाज येतो ती खिडकी लावून घ्यायला सांगितली.