ब्याऐंशी किलोंची चाकं

बाबांच्या फुप्फुसांचे रिपोर्ट एका निळ्या फाइलमध्ये होते. मी अर्थशास्त्राचा प्राध्यापक. न कळणारी गोष्ट गंभीर चेहऱ्याने वाचायची मला सवय आहे, पण त्या फाइलपुढे तीही उपयोगी पडेना. शेवटी मी सायकलच्या चाकांबद्दल वाचायला घेतलं. त्यात निदान उपाय तरी दिलेले होते.

सायकलचा विषय बाळकाकांमुळे निघाला. बाळकाका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, वय वर्षं एकाहत्तर. आमच्या घरात एकदा बाळ झालेला माणूस पुन्हा मोठा होत नाही. ते चढावरच्या वस्तीत राहायचे. चार वर्षांपूर्वी अर्धांगवायूने त्यांची उजवी बाजू गेली आणि बोलणं एका चिखलात रुतून बसलं. डॉक्टरांना ते कळत नसे, काकूंना अर्धंमुर्धं कळे. बाबांना सगळं कळे. छापखान्यात खिळे जुळवण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं, उलटी आणि तुटकी अक्षरं वाचणं हाच धंदा. रोज संध्याकाळी ते सायकल दामटत वर जायचे, भावाशी तासभर भांडायचे आणि उतारावरून तरंगत परत यायचे. फोनवर हे जमण्यासारखं नव्हतं. फोनवर बाळकाकांचा नुसता श्वास ऐकू यायचा.

गेले दोन महिने बाबा वर गेले नव्हते. निम्म्या चढावर त्यांना कुंपणाचा आधार घेऊन उभं राहावं लागलं, त्या दिवसापासून. बाळकाकांना निरोप जात होता : सायकल बिघडलीय.

"बाबा, मी गाडीने सोडतो ना," मी म्हणालो.

"आणि उतरवणार कसा? बखोटीला धरून?"

"हळूच उतरवीन."

"म्हणजे बाळला कळेल. त्याला मी सांगितलंय, मला धाड भरलेली नाही." मग थोडा दम घेऊन म्हणाले, "सायकलला ती मोटर बसवतात ना हल्ली, ती बसव. मोटर ही म्हातारपणाची असते. धरून उतरवणं आजाराचं."

हा फरक मला एकदम पटला. आमचं घराणं असल्या फरकांवरच चालतं.

सायकलमिस्त्रींच्या दुकानात मी पुरेसं वाचून गेलो होतो, त्यामुळे त्यांचा बराच वेळ वाया गेला. माझं बोलून झाल्यावर त्यांनी बाबांच्या सायकलचं मागचं चाक गरकन फिरवलं आणि रिमकडे डोळे बारीक करून पाहिलं.

"सर, मोटर लावली की ही सायकल राहत नाही. पाय माणसाचा असतो, दमला की थांबतो. मोटरला दमणं माहीत नाही. ती सगळा जोर स्पोकवर काढते. हे स्पोक महिनाभरात एकेक करून तुटतील. आणि चढावर तुटले, तर बसणारा कुठे सापडेल सांगता येत नाही. चाकं दोन्ही नवी बांधायची. बसणार कोण?"

"वडील."

"वजन?"

एक्कावन्न. मागच्याच आठवड्यात दवाखान्यातल्या काट्यावर ते उभे राहिले तेव्हा तो आकडा मी पाहिला होता आणि वजनाची चिठ्ठी घडी करून खिशात घातली होती. घरातला काटा आईने कधीच पलंगाखाली ढकलला होता. ती बाबांच्या विजारींच्या कंबरा गुपचूप आत घेत होती आणि ते कंबर पुरेनाशी झाल्यासारखे पट्टा सैल करून दाखवत होते. अशा घरातून आलेला मी, पंक्चरसाठी थांबलेल्या पाच परक्या माणसांसमोर तो आकडा बोलणार कसा? बोललो असतो तर तो खरा झाला असता.

"ब्याऐंशी," मी म्हणालो.

"खात्यापित्या घरचे दिसतायत."

"हो ना."

"मग मोटर मागच्या चाकात. रिम दोन थरांचा, जाड. स्पोक छत्तीस, बारा नंबरचे, ते मोपेडला वापरतात. टायरही तसलाच."

"जरा हलकं काही?"

"ब्याऐंशी किलोला हलकं देऊ? आणि उद्या त्यांना काही झालं की तुम्ही येणार माझी गचांडी धरायला."

खरं सांगायचं तर मला बरं वाटत होतं. कुणीतरी बाबांसाठी भक्कम काहीतरी बांधत होतं.

सात दिवसांनी मिस्त्री स्वतः सायकल घेऊन घरी आले. बसणाऱ्याच्या पायाच्या मापाने सीट लावल्याशिवाय ते सायकल देत नसत. बाबा ठेवणीतला शर्ट घालून पायरीवर उभे होते. शर्ट अंगात घातल्यासारखा दिसत नव्हता, वाळत घातल्यासारखा दिसत होता. मिस्त्रींनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्यामागे कोणी जाड माणूस उभा आहे का ते पाहिलं.

"हेच का वडील?"

"मीच," बाबा म्हणाले. "दुसरे अजून मिळाले नाहीत."

त्यांनी हँडल धरलं आणि सायकल स्टँडवरून काढायला जोर लावला. सायकल हलली नाही. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा त्यांच्या मानेच्या शिरा दिसल्या आणि मी दुसरीकडे बघितलं.

"स्टँड नवं आहे काका, कडक असतं," मिस्त्री म्हणाले आणि त्यांनी एका हाताने सायकल सहज खाली घेतली.

आम्ही दोघांनी दोन बाजूंनी धरून बाबांना बसवलं. मोटर सुरू झाली. घरासमोरच्या रस्त्यावर आम्ही वीस-पंचवीस पावलं त्यांच्याबरोबर चाललो. चाकं जराही डगमगली नाहीत. ब्याऐंशी किलोंसाठी बांधलेलं चाक एक्कावन्न किलोंची दखल घेत नव्हतं. टायर दगडासारखा, खालचा प्रत्येक खडा सरळ वर, बाबांच्या बरगड्यांत. कोपऱ्यापाशी त्यांना खोकल्याची उबळ आली. ती थांबेपर्यंत आम्ही दोघं सायकल धरून उभे राहिलो. फोटो काढायला उभं केल्यासारखे.

"मिस्त्री," दम परत आल्यावर बाबा म्हणाले, "किती वजनाचा माणूस धरलात?"

"सर म्हणाले, ब्याऐंशी."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "ब्याऐंशी मी तुझ्या लग्नात होतो."

मी ब्रेकची वायर तपासू लागलो.

"आता किती आहे?"

"एक्कावन्न."

"पन्नाशीच्या वर आहे म्हणजे," ते म्हणाले. "मी अठ्ठेचाळीस धरलं होतं."

आई दारात उभी होती. तिने पदर तोंडाला लावला आणि आत निघून गेली. आत तिने भांडी घासायला काढली. सगळी घासलेलीच होती.

"काका, मी दोन्ही चाकं सोडवतो," मिस्त्री म्हणाले. "हलके रिम मागवतो, छोटी मोटर पुढच्या चाकात टाकतो. आठ दिवस द्या फक्त. हे तुम्ही आधी सांगायला हवं होतं सर. चाकाशी खोटं बोलून कसं चालेल?"

"त्याला ओरडू नका. आमच्याकडे वळणच तसं आहे." बाबांनी मागच्या चाकावरून हात फिरवला. एक स्पोक नखाने छेडला, मग शेजारचा. "काम मात्र नामी केलंत. किती वर्षं जातील ही?"

"वीस वर्षं तरी बघायला नको."

"वा," बाबा म्हणाले.

हलके रिम यायला आठ दिवस लागणार होते, तोवर सायकल आमच्याच दारात उभी राहिली. चौथ्या दिवशी घरात ऑक्सिजनचं यंत्र आलं. बाबा उशांना टेकून बसल्या बसल्या झोपू लागले, कारण आडवं झालं की श्वास पुरत नसे. आता गाडीने वर नेण्याचीही गोष्ट संपली होती. बाळकाकांना तर सांगून ठेवलेलं होतं, या आठवड्यात दादा येतोय.

"तू जाऊन ये," बाबा म्हणाले. एका दमात त्यांना तीन शब्द परवडत होते. "सांग त्याला. चाकाचं काम निघालंय. पुढच्या आठवड्यात येतो."

"त्यांना खरं सांगू या का, बाबा?"

"तू सांगणार?" त्यांनी डोळे मिटले. "मिस्त्रीलाही सांगवलं नाही."

मग म्हणाले, "सायकलनेच जा. बघ, चढतेय का."

मी सायकलने गेलो. चाकं अप्रतिम होती. चढ सुरू झाला, तीव्र झाला, संपत आला, त्यांनी हूं की चूं केलं नाही. माझं वजन ब्याऐंशीच्या आसपासच आहे. शेवटच्या वळणावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला की ज्या चाकांचं काम निघाल्याचा निरोप घेऊन मी चाललोय, त्याच चाकांवर बसलोय. सायकल कुंपणामागे लपवावी म्हणून ब्रेक दाबले, पण तोवर बाळकाकांनी गॅलरीतून मला पाहिलं होतं.

काकूंनी बाळकाकांची दाढी करून त्यांना पुढच्या गॅलरीत खुर्चीवर बसवलं होतं. अंगात इस्त्रीचा सदरा होता. शेजारी दुसरी खुर्ची रिकामी होती.

"अरे, तू? आणि दादा?" काकूंनी विचारलं.

"येणार होते," मी म्हणालो. "पण चाकाचं काम निघालं."

बाळकाकांनी माझ्या खांद्यावरून सायकलकडे पाहिलं. पुढच्या चाकाकडे पाहिलं, मागच्या चाकाकडे पाहिलं. नवे कोरे रिम उन्हात चमकत होते. बराच वेळ ते बघत राहिले. मग त्यांनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं आणि काहीतरी म्हणाले.

"काय म्हणताय? पुन्हा म्हणा," काकू वाकल्या.

ते पुन्हा म्हणाले.

"नाही बाई कळत मला. हे दादांनाच कळतं." त्या माझ्याकडे वळल्या. "तुला कळलं का रे?"

तिसऱ्यांदा ते अगदी सावकाश म्हणाले, ढ विद्यार्थ्याला सांगावं तसं, माझ्या डोळ्यांत बघत. शब्द एकही कळला नाही. शेवटी आवाज वर गेला, एवढंच कळलं. ते काहीतरी विचारत होते. मनगटावरची पकड सोडत नव्हते.

मी म्हणालो, "हो."

त्यांनी हात सोडला. आणि कुणाच्या मदतीशिवाय, चांगल्या अर्ध्या अंगाने खुर्चीत मोठ्या कष्टाने वळून, भिंतीकडे तोंड करून बसले.